कासवाच्या टाकीतली ऊब : बल्ब, हीटर आणि आपण
(इयत्ता ४ थी व ५ वी, परिसर अभ्यास – पूरक पाठ आणि पालकांसाठी माहिती)



आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरात कासव, इग्वाना किंवा असा एखादा सरपटणारा प्राणी पाळला, तर त्याला ऊब देण्यासाठी जी विजेची उपकरणं वापरतात ती सुरक्षितपणे कशी वापरायची, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, "बाई, आपल्या सोलापुरात ऊब द्यायची काय गरज? इथं तर वर्षातले निम्मे दिवस ऊनच ऊन!" मलाही आधी असंच वाटायचं. पण वर्गात एक गोष्ट घडली आणि मला हा विषय नीट समजून घ्यावा लागला.

वर्गात काय घडलं?

डिसेंबरचे दिवस होते. चौथीतला एक मुलगा सकाळी वर्गात आला आणि म्हणाला, "बाई, आमच्या कासवाला थंडी वाजायलीय. खाईनाच ते." सगळा वर्ग हसला. कासवाला कुठं थंडी वाजते का? मी त्याला म्हटलं, "घरी सांग, पाणी जरा कोमट ठेवा म्हणावं." आणि मी पाठ पुढे सुरू केला.

ही माझी चूक झाली, हे आधीच सांगते. चौकशी न करता मी अर्धवट सल्ला दिला होता.

चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. सोबत पिशवीत घडी केलेली चादर. आपली सोलापुरी चादर, निळ्या चौकड्यांची. तिने ती उलगडून दाखवली, तर मधोमध ताटलीएवढा भाग करपून काळा झालेला आणि मध्ये भोक. झालं होतं असं, की वडिलांनी काचेच्या टाकीवर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लटकवला होता. रात्री गार वारा लागू नये म्हणून आज्जीने मायेने टाकीवर चादर टाकली. वडील रातपाळीला यंत्रमागावर. पहाटे करपल्याचा वास आला म्हणून आई उठली आणि तिने पिन ओढली.

"अजून पाच मिनिटं झोपले असते तर काय झालं असतं ओ बाई," एवढंच ती म्हणाली.

मुलं त्याच खोलीत झोपलेली होती. आपल्या गावात सुती माल घरोघरी, गल्लोगल्ली आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला, ते आपण कोणी विसरलेलो नाही. कापूस एकदा पेटला की माणसाला पळायला वेळ देत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी मी ठरवलं, की हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. वर्गात शिकवायचा आणि पालकांनाही सांगायचा.

सरडा भिंतीवर का बसतो?

पाठाची सुरुवात मी पुस्तकातून न करता शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीपासून केली. आमच्या भिंतीवर रोज एक सरडा येतो. मुलांना तीन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. शाळा भरताना कुठे? मधल्या सुट्टीत कुठे? दुपारी कुठे?

मुलांनी वहीत जे टिपलं ते असं :

- सकाळी : उन्हाकडच्या भिंतीवर, अंग पसरून, हालचाल कमी.
- मधल्या सुट्टीत : भिंतीच्या कडेला, किडे पकडताना, एकदम चपळ.
- दुपारी : भिंतीवर नाहीच! कडुनिंबाच्या बुंध्याला, सावलीत.

आता मुलांना विचारलं, "सरड्याने असं का केलं?" उत्तर त्यांनीच दिलं. सकाळी अंग तापवायला उन्हात, अंग तापल्यावर कामाला, जास्त तापायला लागल्यावर सावलीत.

इथे संकल्पना समजावून द्यावी. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतः उष्णता तयार करतं आणि बाहेर थंडी असो वा ऊन, आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतं. सरडा, साप, कासव, मगर यांना हे जमत नाही. ते उष्णता बाहेरून घेतात. आपण त्यांना 'शीतरक्ती' म्हणतो, पण त्या शब्दाने मुलांचा गोंधळ होतो. त्यांचं रक्त नेहमी थंडच असतं असं नाही. उन्हात बसलेल्या सरड्याचं अंग चांगलं गरम असतं. आजूबाजूला जसं तापमान, तसं त्यांचं तापमान, एवढं मुलांच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

अंग थंड पडलं की या प्राण्यांची पचनक्रियाही मंदावते. म्हणून ते कासव खात नव्हतं. जबरदस्तीने खायला घातलं असतं तर अन्न पोटात तसंच पडून राहिलं असतं.

आणि आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. भिंतीवरच्या सरड्याला ऊन जास्त झालं तर तो उठून सावलीत जातो. टाकीतलं कासव कुठे जाईल? त्याला आपण काचेच्या चार भिंतींत ठेवलंय. ऊन आणि सावली यांतून निवड करण्याचा त्याचा हक्क आपण काढून घेतला आहे. म्हणून टाकीत नुसती ऊब देऊन भागत नाही, टाकीची एक बाजू उबदार आणि दुसरी बाजू गार असलीच पाहिजे. कुठे बसायचं ते प्राण्याला ठरवू द्यावं.

आधी हे बघा : प्राणी कोणता आहे?

हीटर विकत आणण्याआधीचा प्रश्न हा आहे. आपल्या रानातलं चांदणी कासव, नदी-तळ्यातली आपली कासवं, घोरपड, मांडूळ, नाग, धामण यांपैकी काहीही घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे. चांदणी कासव तर अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. 'घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते' म्हणून कोणी ठेवत असेल, तर त्याला हे समजावून सांगायला हवं. असा प्राणी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावं.

इग्वाना, बॉल पायथन यांसारखे काही विदेशी प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराच्या यादीत आहेत. असे प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची सरकारकडे नोंदणी करणं २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. ही नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर होते.

मत्स्यालयाच्या दुकानातून आपल्याकडे घरी येतं ते बहुतेक वेळा अमेरिकेतलं 'रेड इअर्ड स्लायडर'. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवं कवच, नाण्याएवढं पिल्लू. आमच्या विद्यार्थ्याचं कासवही हेच होतं. विकत घेताना कोणी सांगत नाही, की हे पिल्लू वाढून ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर २०-३० वर्षं जगतं. चौथीतला मुलगा बाप झाला तरी कासव घरातच! माझं प्रामाणिक मत विचाराल तर घेऊच नका. पण ज्यांच्या घरी आधीच आहे, त्यांनी त्याला नीट सांभाळायला हवं. पुढची माहिती त्यांच्यासाठी.

खरंच ऊब लागते का? आधी मोजा

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण १५ अंशांच्या आसपास येतं, कधी त्याच्याही खाली जातं. या कासवाला पाणी २४ ते २८ अंश लागतं आणि पाण्याबाहेर बसायच्या जागी ३० ते ३२ अंश ऊब लागते. म्हणजे थंडीचे दोन-अडीच महिने थोडी ऊब द्यावी लागते. बाकीच्या दिवसांत पाणी गरम करायची गरज सहसा पडत नाही.

पण हे हाताने पाहून ठरवू नका. आपला हात फसवतो. मुलांना ओळखीचा प्रयोग आहे : एक हात गार पाण्यात, एक गरम पाण्यात बुडवा. मग दोन्ही हात साध्या पाण्यात घाला. एक हात सांगतो गरम, दुसरा सांगतो गार. म्हणून थर्मामीटर हवाच, आणि एक नाही, दोन हवेत. एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी मिळते ती काचेचं तापमान दाखवते, पाण्याचं नाही. वायरला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर चांगला.

कोणतं उपकरण कसं?

*१) बल्ब :* जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा फार थोडा भाग प्रकाश होतो, ९० टक्क्यांहून जास्त भागाची उष्णता होते. म्हणून तो ऊब देतो. घरातला ९ वॅटचा एलईडी लावून ऊब मिळणार नाही. बल्ब टाकीच्या बाहेर, वर, आणि जाळीच्या पलीकडे असावा. काचेवर, जाळीवर नुसता टेकवून ठेवू नये. पक्क्या स्टँडला किंवा साखळीला बांधावा आणि होल्डर चिनीमातीचा घ्यावा. प्लॅस्टिकचा होल्डर उष्णतेने मऊ पडतो. गरम बल्बवर पाण्याचे थेंब उडाले तर काच तडकते. बल्ब फक्त दिवसा, १०-१२ तास. रात्री अंधार हवा, प्राण्यालाही झोप लागते.

*२) पाण्यातला हीटर :* काचेच्या नळीचा, मत्स्यालयात वापरतात तो. थर्मोस्टॅट असलेलाच घ्यावा. थर्मोस्टॅट म्हणजे काय हे मुलांना इस्त्रीवरून लगेच कळतं. इस्त्री तापली की आतून 'टक्' होतं आणि दिवा विझतो, गार झाली की परत लागतो. तेच काम. हीटर नेहमी पूर्ण पाण्याखाली हवा. कासव धक्के मारून काच फोडतं, म्हणून बाहेरून छिद्रांचं प्लॅस्टिकचं कव्हर लावावं. पाणी बदलताना आधी बटण बंद, पिन बाहेर, मग १५-२० मिनिटं थांबायचं आणि त्यानंतरच पाण्यात हात. तापलेला हीटर लगेच बाहेर काढला तर फुटतो.

*३) तापणारा दगड किंवा खालून तापणारी पट्टी :* हे इग्वाना, सापांच्या पेटीत वापरतात. यापासून सगळ्यात जास्त प्राणी भाजतात. सूर्य वरून तापवतो, खालून नाही. त्यामुळे पोटाखालून चटका बसतोय हे या प्राण्यांना वेळेवर कळून ते बाजूला होतीलच असं नाही. तापणारा दगड घेऊच नये. पट्टी वापरायची तर पेटीच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागालाच, आणि थर्मोस्टॅट लावूनच.

*४) पाणी तापवायचा रॉड :* अंघोळीच्या बादलीत घालतो तो. काही जण 'दोन मिनिटंच' म्हणून तो टाकीत घालतात. कधीही नाही! शॉक बसण्याचा धोका तर आहेच, शिवाय दोन मिनिटांत काय होतं ते पुढच्या गणितात बघा.

गणिताचा तास : हीटर किती वॅटचा?

हा भाग पाचवी ते सातवीच्या मुलांकडून करून घ्यावा. पुस्तकातलं घनफळ इथे कामाला येतं.

टाकी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद. पाणी २० सेंमी उंचीपर्यंत.
६० × ३० × २० = ३६,००० घन सेंमी = ३६ लिटर पाणी.

एक लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण ४,२०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे ३६ लिटरला १ अंशासाठी १,५१,२०० ज्यूल. आणि १ वॅट म्हणजे सेकंदाला १ ज्यूल.

आता समजा, थर्मोस्टॅट बिघडला आणि हीटर बंदच होईना. पाणी २५ अंशांवर आहे. ते ४० अंशांवर, म्हणजे कासवाच्या जिवावर बेतेल अशा तापमानावर जायला किती वेळ लागेल? (हवेत निघून जाणारी उष्णता सध्या धरायची नाही.)

- १,५०० वॅटचा रॉड : दर अंशाला सुमारे १०० सेकंद. २५ मिनिटांत ४० अंश.
- ३०० वॅटचा हीटर : दर अंशाला साडेआठ मिनिटं. साधारण दोन तासांत ४० अंश.
- ५० वॅटचा हीटर : दर अंशाला ५० मिनिटं. साडेबारा तासांहून जास्त. प्रत्यक्षात तर बरीच उष्णता बाहेर निघून जाते, त्यामुळे हिवाळ्यात पाणी तिथपर्यंत सहसा पोचतच नाही.

बघा, केवढा फरक! ३०० वॅटचा हीटर रात्री झोपेतच काम तमाम करेल. ५० वॅटचा बिघडला तर सकाळी उठून कोणीतरी थर्मामीटर बघेल आणि कासव वाचेल. 'मोठा हीटर म्हणजे चांगला' हा समज इथे अगदी उलटा पडतो. साधा हिशोब ठेवा : एका लिटरला साधारण एक वॅट. ३६ लिटरला ५० वॅट भरपूर झाला.

हेच गणित दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. ५० वॅटच्या हीटरला पाणी १८ वरून २५ अंशांवर न्यायला सहा तास तरी लागतील. तेव्हा हीटर लावून अर्ध्या तासात 'काहीच फरक पडेना' म्हणून वर उकळतं पाणी ओतू नका. हळूहळू तापणंच कासवाला मानवतं.

विजेच्या बिलाची काळजी असेल तर तेही मुलांना काढू द्या. १०० वॅटचा बल्ब १० तास लावला की एक युनिट.

पाणी आणि वीज एकत्र आली की…

पुढच्या गोष्टी पालकांनी स्वतः तपासाव्यात. मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

१. पिन तीन पायांची आणि घराला अर्थिंग चालू असलेलं हवं. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावं.
२. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. हा खर्च कासवासाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे.
३. वायरला झोळ द्यावा. म्हणजे वायर टाकीतून आधी खाली, सॉकेटच्या पातळीच्याही खाली जाऊन मग वर सॉकेटकडे यावी. वायरवरून ओघळणारं पाणी झोळापाशी टपकून जातं, सॉकेटमध्ये शिरत नाही. वर्गात दोरी आणि पाणी घेऊन हे एका मिनिटात दाखवता येतं. (वायर वापरू नका, दोरीच वापरा.)
४. एक्स्टेंशन बोर्ड टाकीच्या खाली, फरशीवर ठेवू नये. एकाच बोर्डावर मोबाईल, फॅन, हीटर अशी गर्दी नको.
५. चिकटपट्टीने जोडलेली वायर वापरू नये.
६. थर्मोस्टॅटचा सेन्सर वेगळा असेल तर तो पाण्यातच पक्का बसवावा. सेन्सर पाण्याबाहेर पडला तर त्याला गार हवा लागते, त्याला वाटतं पाणी गार आहे, आणि हीटर तापवतच राहतो.
७. वीज गेली तर बटण बंद करून ठेवावं. पाणी बदलत असताना वीज गेली आणि हीटर उघडा असताना परत आली, तर हीटर फुटतो किंवा आग लागते. थंडीच्या रात्री तासाभराच्या वीज जाण्याने कासवाला काही होत नाही, पाणी इतक्या लवकर गार पडत नाही.

चादर नको!

आज्जीची माया खरी होती. पण बल्ब चालू असताना टाकीवर चादर, टॉवेल, गोणपाट, पुठ्ठा, थर्माकोल काहीच नको. कापड बल्बची उष्णता अडवून धरतं, आणि बल्बला टेकलं तर करपून पेटतं. बल्बच्या चारही बाजूंना हातभर जागा मोकळी हवी. पडदा, कपड्यांची दोरी, दप्तर, सुताचे गठ्ठे जवळ नकोत. रात्री बल्ब बंद करून, तो पूर्ण गार झाल्यावर, टाकीला तीन बाजूंनी बाहेरून कापड लावलं तर चालेल. वरची बाजू हवेसाठी उघडी ठेवावी.

थंडीत प्राणिसंग्रहालयातल्या सापांच्या काचेच्या घरात बल्ब लावल्याच्या बातम्या वाचून पालक विचारतात, "तिथं चालतं, मग आपल्याकडे का नाही?" तिथे राखणीला माणसं नेमलेली असतात. आपल्या घरात रात्री सगळे झोपलेले असतात.

सोलापुरात खरा धोका उन्हाळ्याचा

थंडीचे दोन महिने संपले की हीटर नुसता बंद करून भागत नाही, काढूनच ठेवावा. चुकून बटण दाबलं जातं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळीशी ओलांडतो, ४३-४४ पर्यंतही जातो. पत्र्याच्या खोलीत आणखी जास्त. तेव्हा प्रश्न टाकी गार कशी ठेवायची हा असतो.

आणखी एक मोठी चूक : "उन्हात ठेवलं की फुकटात ऊब मिळेल" म्हणून काचेची टाकी गॅलरीत ठेवणं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बसून बघा म्हणजे कळेल. काच ऊन आत घेते आणि उष्णता आत कोंडते. शिवाय कवच आणि हाडांसाठी कासवाला उन्हातले जे अतिनील किरण हवे असतात, ते काच बऱ्याच प्रमाणात अडवते. म्हणजे चटका मिळतो, फायदा मिळत नाही. ऊन द्यायचं तर सकाळचं कोवळं, उघड्या टबात, अर्ध्या टबावर सावली करून, आणि समोर माणूस बसून. टब ठेवून स्वयंपाकाला गेलो, असं नको. कावळे आणि मांजरं वाटच बघत असतात.

वर्गातला उपक्रम (विजेशिवाय)

साहित्य : लाल द्रवाचे प्रयोगशाळेतले तीन थर्मामीटर (तापाचा थर्मामीटर वापरू नये, तो फुटेल), झाकणाची काचेची बरणी, वही.

कृती : एक थर्मामीटर झाडाच्या सावलीत, दुसरा उघड्या उन्हात, तिसरा बंद बरणीत घालून उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी नोंद करा.

फेब्रुवारीत सकाळी साडेअकराला आमच्याकडे सावलीत ३१ अंश, तर बरणीत ४७ अंश आले! एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, म्हणजे बरणीतला सरडा मेला असता." त्यानंतर मला काचेच्या टाकीबद्दल वेगळं काही सांगावं लागलं नाही.

चर्चेसाठी प्रश्न :
१. सरडा दुपारी भिंतीवर का दिसत नाही?
२. टाकीत दोन थर्मामीटर का हवेत?
३. मोठ्या हीटरपेक्षा छोटा हीटर सुरक्षित का?
४. वायरला झोळ का द्यायचा?

स्वच्छतेबद्दल दोन शब्द

कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, कासव तब्येतीने ठणठणीत दिसलं तरी. त्यांनी लहान मुलांना जुलाब, ताप येतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कासवाला, टाकीला, हीटरला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे. टाकी स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायची नाही.

नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडं टाकून श्वास घेणं, पाण्यात एका अंगाला कलून तरंगणं, ही आजाराची लक्षणं आहेत. अशा वेळी हीटर वाढवत बसू नका, पशुवैद्यकांकडे न्या.

आणि नकोसं झालं तर?

उपकरणांचा खर्च, पाण्याचा वास, वाढलेलं कासव… मग एखाद्या संध्याकाळी लोक ते सिद्धेश्वर तलावात नाहीतर कंबर तलावात नेऊन सोडतात. सोडणाऱ्याला वाटतं पुण्य केलं. पण रेड इअर्ड स्लायडर जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. तेव्हा तलावात, नदीत, विहिरीत कधीही सोडू नये. वन विभागाला किंवा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला विचारून मार्ग काढावा.

पुढे काय झालं?

त्या मुलाच्या घरी बल्ब निघाला. ५० वॅटचा थर्मोस्टॅटचा हीटर आला, वायरमनने अर्थिंग नीट केलं. मी मुलाला एक छोटी वही दिली : रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही थर्मामीटर वाचून लिहायचं. आठवडाभरात कासव खायला लागलं. वर्गात आता कोणी हसत नव्हतं, उलट सगळे रोज विचारायचे, "आज किती अंश?"

मार्चच्या शेवटी तो वही घेऊन आला. "बाई, हीटर काढून ठेवलाय तरी पाणी ३१ झालंय." मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "टाकी खिडकीजवळनं हलवायला पाहिजे, आतल्या खोलीत." त्याच संध्याकाळी वडिलांनी आणि त्याने मिळून टाकी हलवली.

ती करपलेली चादर त्याच्या आईने टाकून दिली नाही. पालक सभेत दाखवायला म्हणून शाळेला दिली आहे. आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. तुमच्या शाळेत हा पाठ घ्यायचा असेल आणि दाखवायला हवी असेल, तर जरूर मागा.

तुमच्या वर्गात, घरी असा काही अनुभव आला असेल तर अवश्य कळवा. आणि आज घरी गेल्यावर एक काम करा : घरात टाकी असो वा नसो, गरम होणाऱ्या प्रत्येक उपकरणाच्या हातभर अंतरात कापड आहे का, एवढं बघा.